फुकुशिमाला काय पाठवायचं? दुरून केलेली मदत कुठे पोचते आणि कुठे अडते

मार्च 2011 च्या अखेरीस, भूकंप-त्सुनामी आणि फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर, जपानमधल्या मिनामिसोमा शहराचे महापौर कात्सुनोबू साकुराई कॅमेऱ्यासमोर बसले आणि त्यांनी जगाला उद्देशून एक निवेदन केलं. इंग्रजी भाषांतरासह ते यूट्यूबवर आलं. मागणं साधं होतं: इंधन द्या, अन्न द्या, आणि ते शहरापर्यंत आणून द्या. जपान काही गरीब देश नव्हे. माल होता, ट्रक होते, रस्तेही बऱ्यापैकी मोकळे झाले होते. पण चालक शहरात शिरायला तयार नव्हते. बातमीदारही निघून गेले होते आणि फोनवरून चौकशी करत होते. सुमारे 71 हजार वस्तीच्या शहरात जेमतेम 20 हजार माणसं उरली होती, त्यात म्हातारी आणि आजारी बरीच.

शहराचा मधला भाग फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रापासून साधारण 25 किलोमीटरवर आहे. केंद्रापासून 20 किलोमीटरच्या आतल्यांना बाहेर काढलं होतं. 20 ते 30 किलोमीटरच्या पट्ट्यातल्यांना "घरातच थांबा" असं सांगितलं होतं. कागदावर हा हुकूम सौम्य दिसतो. पण घरात थांबायचं म्हणजे दुकान बंद, पेट्रोल पंप बंद, औषधाचं दुकान बंद. आणि बाहेरचा माणूस त्या पट्ट्याकडे पाहून गाडी वळवणार. भूकंपात किंवा पुरात मदत अडते ती रस्ता तुटला म्हणून. अणुदुर्घटनेत ती धडधाकट रस्ता असूनही अडते. दुरून मदत करणाऱ्याने हा फरक ओळखला तर पुढचे निम्मे निर्णय सोपे होतात.

घडलं काय होतं

11 मार्च 2011, दुपारी 2 वाजून 46 मिनिटं. 9.0 तीव्रतेचा भूकंप. दाइइचीच्या सहापैकी तीन अणुभट्ट्या चालू होत्या, त्या आपोआप बंद झाल्या. पण अणुभट्टी बंद केली तरी ती लगेच थंड होत नाही. विखंडन (इंधनातले अणू फोडण्याची क्रिया) थांबतं, मात्र तयार झालेली किरणोत्सारी मूलद्रव्यं उष्णता देतच राहतात: बंद केल्याक्षणी पूर्ण उष्णतेच्या 6 ते 7 टक्के, एका दिवसानंतर साधारण अर्धा टक्का. अर्धा टक्का म्हणजे किरकोळ वाटेल. पहिल्या, म्हणजे सर्वांत लहान भट्टीसाठीसुद्धा तो 7 मेगावॉटच्या आसपास भरतो. पाणी फिरतं ठेवलं नाही तर एवढ्यानेच इंधन वितळतं.

तासाभराच्या आत 14-15 मीटर उंचीची त्सुनामी आली. पाणी फिरवणारे पंप चालवायला लागणारे डिझेल जनरेटर बहुतेक तळघरात होते, ते बुडाले. वीज पुरवणाऱ्या जनरेटरच्या गाड्या मागवल्या. गर्दीतून वाट काढत त्या पोचल्या, जड केबल हातांनी ओढून जोडणी जवळपास झाली, आणि 12 तारखेला दुपारी 3:36 ला पहिल्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट होऊन ती केबल निकामी झाली. 14 तारखेला तिसऱ्या इमारतीत आणि 15 तारखेला चौथ्या इमारतीत स्फोट झाला.

त्या आठवड्यात केंद्राला खरोखर लागलेली एक वस्तू पाहा. चौथ्या इमारतीत वापरलेलं इंधन वरच्या मजल्यावरच्या हौदात होतं आणि हौदातलं पाणी आटण्याची भीती होती. 17 मार्चला लष्करी हेलिकॉप्टरांनी शेजारच्या तिसऱ्या इमारतीवर चार खेपांत मिळून सुमारे 30 टन पाणी वरून ओतलं. टीव्हीवर ते दृश्य जबरदस्त दिसलं, पण बरंचसं पाणी वाऱ्याने विखुरलं. मग 22 तारखेपासून बांधकामावर काँक्रीट चढवणारा, 58 मीटर लांब हात असलेला पुट्झमाइस्टर कंपनीचा पंप कामाला लागला. त्याने थेट चौथ्या इमारतीतल्या हौदाच्या तोंडावर एका फेरीत दीडशे टनांच्या आसपास पाणी सोडलं. पुढे याहून लांब, 70 मीटर हाताचे पंप अमेरिकेतून अँतोनोव्ह मालवाहू विमानाने आणले गेले. दुरून आलेली ही मदत उपयोगी पडली, कारण तिथल्या माणसांनी "आम्हाला अमुक उंचीवर अमुक इतकं पाणी न्यायचंय" हे आधी सांगितलं होतं.

नकाशावरचं वर्तुळ आणि वारा

लोकांना हलवण्याचे आदेश वर्तुळं आखून निघाले. 11 तारखेच्या रात्री 3 किलोमीटर, दुसऱ्या दिवशी पहाटे 10, संध्याकाळी 20. वर्तुळ आखायला सोपं असतं, पण वाऱ्याला त्याचं काही नसतं. 15 मार्चला किरणोत्सारी हवेचा लोट वायव्येला वळला, त्यातच पाऊस आणि बर्फ पडलं, आणि ती मूलद्रव्यं जमिनीवर उतरली. इइताते हे गाव बहुतांश 30 किलोमीटरच्या बाहेर. शेजारच्यांना आसरा देणाऱ्या या गावात मोजमापं मात्र वर्तुळाच्या आतल्या कित्येक ठिकाणांहून वाईट निघाली. ते रिकामं करण्याचा निर्णय 22 एप्रिलला झाला. नामिए शहरातले लोक तर ज्या त्सुशिमा भागात पळून गेले, त्याच दिशेला लोट गेला. वाऱ्याचा अंदाज देणारी संगणक प्रणाली सरकारकडे होती, पण तिचे नकाशे वेळेवर लोकांपर्यंत गेले नाहीत.

हे महाराष्ट्रातल्या वाचकालाही परकं नाही. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या दाइइचीसारख्याच उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या, जनरल इलेक्ट्रिकच्या, 1969 पासूनच्या. आपल्याकडेही आपत्कालीन नियोजनाचं क्षेत्र 16 किलोमीटरच्या वर्तुळानेच धरतात आणि केंद्राच्या कुंपणाबाहेरच्या कारवाईची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर असते. तयारीसाठी वर्तुळ ठीक आहे. मदत कुठे न्यायची हे मात्र मोजमापावरून ठरवावं लागतं.

चालकाला खरंच किती धोका होता

दोन एककं समजली की पुष्कळ धुकं निवळतं. बेकरेल म्हणजे दर सेकंदाला एक अणू फुटणं. माती, पाणी, तांदूळ यात किती किरणोत्सारी द्रव्य आहे ते यात सांगतात. सिव्हर्ट म्हणजे शरीराला झालेल्या संभाव्य अपायाचं माप. सिव्हर्ट फार मोठा असल्याने मिलिसिव्हर्ट (हजारावा भाग) आणि मायक्रोसिव्हर्ट (दहा लाखावा भाग) वापरतात. बातम्यांत या दोघांची अदलाबदल झाली की आकडा एकदम हजारपट फुगतो, आणि ती होते.

निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. आता समजा, एखाद्या रस्त्यावर तासाला 2 मायक्रोसिव्हर्ट आहेत, म्हणजे नेहमीच्या वीस-तीस पट. चालक तिथे माल उतरवायला तीन तास थांबला तर त्याला 6 मायक्रोसिव्हर्ट मिळाले. लांब पल्ल्याच्या विमानात तासाला साधारण 2 ते 5 मायक्रोसिव्हर्ट मिळतात. थोडक्यात, तिथे कायम राहणाऱ्याचा प्रश्न वेगळा आणि तीन तासांसाठी येणाऱ्याचा वेगळा. ट्रक आत न गेल्याने झालेलं नुकसान तीन तासांच्या मात्रेपेक्षा कितीतरी मोठं होतं.

दुसरा गैरसमज याहून त्रासदायक. किरणोत्सर्ग संसर्गजन्य नाही. किरणं अंगावर पडली म्हणून माणूस स्वतः किरणं सोडायला लागत नाही. क्ष-किरण फोटो काढून आलेल्यापासून आपण लांब पळत नाही, तसंच हे. कपड्यांवर किंवा केसांवर किरणोत्सारी धूळ असेल तर ती झटकली जाऊ शकते, पण वरचे कपडे उतरवून पिशवीत बंद केले आणि साबणाने अंग-केस धुतले की बहुतेक निघून जाते. तरीही फुकुशिमाहून आलेल्यांना काही निवाऱ्यांत तपासणीचा दाखला मागितला गेला, शाळांत मुलांना चिडवलं गेलं. हा गैरसमज पसरू न देणं ही दूर राहून करता येण्यासारखी पहिली मदत आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

आयोडीनच्या गोळ्या आणि मिठाची पोती

अणुदुर्घटनेची बातमी आली की आयोडीनचं नाव निघतंच. किरणोत्सारी आयोडीन-131 शरीरात गेलं की गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. ग्रंथी आधीच साध्या आयोडीनने भरली असेल तर ती हे घेत नाही. गोळीचं काम एवढंच. सीझियम या दुसऱ्या किरणोत्सारी मूलद्रव्यावर तिचा काही परिणाम नाही आणि बाहेरून पडणाऱ्या किरणांवर तर नाहीच. प्रौढाची मात्रा 130 मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, 3 ते 12 वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मी, त्याहून लहानांना आणखी कमी. वेळ सर्वांत महत्त्वाची: लोट येण्याच्या आधीचे 24 तास ते आल्यानंतरचे 2 तास ही उत्तम वेळ, आठ तासांपर्यंत थोडाफार फायदा, आणि 24 तासांनंतर घेतली तर फायद्यापेक्षा तोटाच. चाळिशीनंतरच्या माणसाला फायदा फारसा नाही. फुकुशिमा प्रांतातल्या मिहारू नगरपालिकेने 15 मार्चला आपल्या जबाबदारीवर गोळ्या वाटल्या त्या गोळ्या जवळ होत्या म्हणून. मुंबईहून पार्सलने गेलेली गोळी कितीही तातडीने पाठवली तरी उशिराच पोचणार.

त्याच आठवड्यात चीनमध्ये आयोडीनयुक्त मिठासाठी झुंबड उडाली. भारतातल्या मिठाच्या पुड्यात किलोमागे किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असतं. गोळीतलं 100 मिलिग्रॅम आयोडीन मिळवायला साडेसहा किलोच्या वर मीठ एका दिवसात खावं लागेल. फिलिपिन्समध्ये "मानेला बेटाडिन लावा, पावसात जाऊ नका" असे निरोप बीबीसीच्या नावाने मोबाइलवर फिरले. बेटाडिन जखमेवरचं औषध आहे, त्याने थायरॉइड भरत नाही.

आयोडीन-131 दर आठ दिवसांनी निम्मं होतं. त्यामुळे त्यावरची गरजही झपाट्याने येते आणि जाते. 22 मार्चला टोकियोच्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्रात किलोमागे 210 बेकरेल आढळले; तान्ह्या मुलांसाठी मर्यादा 100 होती. शहराने सुमारे 80 हजार बाळांसाठी प्रत्येकी अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या वाटल्या. 24 तारखेला आकडा पुन्हा मर्यादेखाली आला होता. परदेशातून पाणी जहाजाने पाठवणाऱ्याने हे दोन दिवस लक्षात ठेवावेत.

वस्तू पाठवायच्याच असतील तर

1993 च्या जुलैत होक्काइडोजवळच्या ओकुशिरी बेटावर भूकंप आणि त्सुनामी झाली. छोट्याशा बेटाच्या नावाने सुमारे 5 हजार टन सामान आलं. ते ठेवायला वेगळं गोदाम बांधावं लागलं आणि त्यातलं जुने कपडे वगैरे बरंच सामान शेवटी टाकून द्यावं लागलं. 2004 च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमच्या रस्त्यांकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. जपानी लोक अशा सामानाला दुसरी आपत्तीच म्हणतात. सदिच्छा म्हणून पाठवलेल्या कागदी बगळ्यांच्या हजार-हजारांच्या माळांबद्दलही आता तिथे उघड कुरकुर होते: निवाऱ्यात त्या टांगायला जागा नसते आणि फेकवतही नाहीत.

बिघडतं ते खोक्यात. एकाच खोक्यात साबण, बिस्किटं, स्वेटर आणि खेळणी भरली की ते खोकं उघडल्याशिवाय कुणाच्याच कामाचं नसतं, आणि उघडून निवडायला माणसं लागतात. ही माणसं म्हणजे त्याच गावातले घर गमावलेले लोक किंवा नगरपालिकेचे झोप न झालेले कर्मचारी. म्हणून एका खोक्यात एकच प्रकारची वस्तू. बाहेर दोन-तीन बाजूंना मोठ्या अक्षरात वस्तू, संख्या, माप आणि शेवटची तारीख, आणि हे सगळं तिथल्या भाषेत. वजन दहा-बारा किलोच्या वर नको. शाळेच्या पायऱ्या चढून ते नेणारा माणूस सत्तरीचा असू शकतो. कपडे फक्त नवे. आणि पाठवण्याआधी घेणाऱ्याचं नाव ठरलेलं हवं; "आपद्ग्रस्तांसाठी" हा पत्ता नसतो.

तोहोकूच्या, म्हणजे जपानच्या या आपद्ग्रस्त ईशान्य भागातल्या, निवाऱ्यांत खरी टंचाई होती रॉकेलची, पेट्रोलची, प्रौढांच्या डायपरची, दात नसलेल्यांना खाता येईल अशा मऊ अन्नाची आणि रोजच्या औषधांची. मार्चमध्ये तिथे बर्फ पडतं. भारत सरकारने 25 हजार ब्लँकेटं पाठवली हे म्हणूनच योग्य होतं: एकच वस्तू, मोठी संख्या, सरकारकडून सरकारला.

माणसं पाठवतानाही हाच हिशेब. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं 46 जणांचं पथक मार्चच्या अखेरीस मियागी प्रांतातल्या ओनागावा इथे शोधकामाला गेलं. दलाची ही पहिलीच परदेशी मोहीम. अशा पथकांचा अलिखित कायदा म्हणजे तिथल्या कुणाचाही घास, पाणी, इंधन, अंथरूण घ्यायचं नाही. ओनागावालाही अणुवीज केंद्र आहे, आणि ते भूकंपाच्या केंद्रापासून दाइइचीपेक्षा जवळ. मात्र ते समुद्रसपाटीपासून जवळपास 15 मीटर उंचीवर बांधलेलं असल्याने वाचलं, आणि घरं वाहून गेलेल्या शेकडो गावकऱ्यांनी त्या केंद्राच्याच आवारात आसरा घेतला.

पैसे: दोन वाटा

जपानमध्ये देणगीच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एका वाटेचा सगळा पैसा थेट आपद्ग्रस्तांच्या हातात जातो. संस्था त्यातून काही ठेवत नाही. पण वाटप समितीला निकष ठरवावे लागतात, प्रांतांना याद्या कराव्या लागतात, म्हणून ही वाट संथ असते. 2011 ला पहिल्या फेरीत प्रत्येक मृत वा बेपत्ता व्यक्तीमागे आणि पूर्ण पडलेल्या घरामागे साडेतीन लाख येन ठरले, आणि केंद्रामुळे घर सोडावं लागलेल्या कुटुंबांनाही तेवढेच. रक्कम निश्चित, पण ती मिळेपर्यंत आठवडे-महिने गेले. दुसऱ्या वाटेने पैसा काम करणाऱ्या संस्थेला जातो आणि ती उद्याच त्याचं डिझेल घेऊ शकते. तिथे संस्थेवर विश्वास मात्र हवा. दोन्ही वाटा बरोबर आहेत. घोटाळा होतो तो पहिल्या वाटेने दिलेल्या पैशाची दुसऱ्या वाटेसारखी घाई अपेक्षिली की.

कुवेतने पैशाऐवजी 50 लाख पिंप कच्चं तेल दिलं. ते जपानी तेल कंपन्यांनी घेतलं, त्याची किंमत, सुमारे 40 अब्ज येन, रेडक्रॉसमार्फत पीडित प्रांतांना गेली. त्यातून इवाते प्रांतातली किनाऱ्याची सानरिकू रेल्वे पुन्हा उभी राहायला हातभार लागला. तैवानमधून 20 अब्ज येनच्या वर आले.

आपल्याकडून परदेशी संस्थेला पैसे पाठवता येतात: रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत, बँकेत ए-2 फॉर्म आणि पॅन देऊन. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या रकमेवर आयकरातली देणगीची सवलत मिळत नाही. उलट दिशेचं गणित परदेशातल्या मराठी मंडळांनी ध्यानात ठेवायला हवं. 2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरासारख्या वेळी गोळा झालेली परदेशी नागरिकांची देणगी गावच्या कुठल्याही मंडळाच्या खात्यात टाकता येत नाही. घेणाऱ्या संस्थेची परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी लागते आणि रक्कम तिच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. पूर ओसरल्यावर हे शोधण्यापेक्षा अशी दोन संस्थांची नावं आधीच काढून ठेवावीत.

मोजणं हीच मदत

अपघातानंतरच्या आठवड्यात जगभर गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं) संपले. सरकारी आकडे शहरवार सरासरीचे होते. आईला हवा होता आपल्या गल्लीचा आकडा. टोकियो आणि अमेरिकेतल्या काही तंत्रज्ञांनी तेव्हा सेफकास्ट नावाचं स्वयंसेवी काम सुरू केलं. मोजणारे हात जपानमध्ये, पण वर्गणी, सर्किटची रचना, नकाशाचं सॉफ्टवेअर यात देशोदेशीचे लोक. दुरून केलेल्या मदतीचं माझ्या मते हे सर्वांत नेटकं उदाहरण आहे.

त्यांनी बीगायगी नावाचं उपकरण केलं. जपानी जेवणाच्या डब्याएवढ्या खोक्यात चपटी, रुंद तोंडाची एलएनडी 7317 नळी, जीपीएस, आणि नोंदीसाठी मेमरी कार्ड. ते गाडीच्या खिडकीबाहेर बांधायचं आणि फिरायचं; दर पाच सेकंदांनी ठिकाण आणि आकडा आपोआप टिपला जातो. घरी येऊन फाइल चढवली की ती तपासून खुल्या नकाशावर दिसते, आणि ती माहिती कुणीही कशासाठीही फुकट वापरू शकतो. एका गल्लीत आणि शेजारच्या गल्लीत कित्येकपट फरक असू शकतो हे यातून डोळ्यांना दिसलं.

मोजताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. ही नळी मिनिटाला 334 ठोके (पकडलेल्या किरणांची संख्या) म्हणजे तासाला 1 मायक्रोसिव्हर्ट असं धरते. साध्या 0.1 मायक्रोसिव्हर्टच्या जागी मिनिटाला तेहतीसच ठोके येतात, आणि ठोके यादृच्छिक असल्याने एका मिनिटाच्या वाचनात सहा-एक इकडेतिकडे, म्हणजे 17-18 टक्के फरक सहज पडतो. दहा मिनिटं थांबलं तर तोच फरक साडेपाच टक्क्यांवर येतो. स्वस्त उपकरणातली बारीक नळी मिनिटाला याच्या निम्मेच ठोके पकडते. तिच्यावर एक मिनिटात दिसलेला "दुप्पट" आकडा बातमी नव्हे. दुसरी चूक म्हणजे नळी जमिनीला टेकवणं. जमिनीलगत बीटा कणही मोजले जातात आणि आकडा फुगतो. हवेतली मात्रा एक मीटर उंचीवर मोजतात, लहान मुलांच्या शाळेत 50 सेंटिमीटरवर. उपकरण पातळ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचं, नाहीतर धूळ नळीवर बसते आणि मग ते सगळीकडेच किरणं दाखवतं. पन्हाळीचं पाणी पडतं ती जागा, गटाराचं तोंड, पानांचा ढीग इथे हमखास जास्त दिसतं. ते नोंदवावं, पण त्यावरून घराचा आकडा काढू नये.

सरकारने सफाईसाठी तासाला 0.23 मायक्रोसिव्हर्ट हा उंबरठा ठेवला. तो असा आला: माणूस 8 तास बाहेर आणि 16 तास घरात, घराच्या भिंती 60 टक्के अडवतात, म्हणून 16 तासांचे 6.4 धरायचे, एकूण 14.4 तास. तासाला 0.19 गुणिले 14.4 गुणिले 365 म्हणजे वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट. त्यात निसर्गाचे 0.04 मिळवले की 0.23. याच सूत्राने 3.8 म्हणजे वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि लोकांनी घर सोडायचं की नाही याची रेघ तिथे आखली गेली. हे गणित एकदा करून पाहिलं की त्यातली गृहीतकंही दिसतात: दिवसभर शेतात राबणाऱ्याला 8 तासांचा नियम लागू नाही, आणि पातळ लाकडी भिंतींचं घर 60 टक्के अडवेलच असं नाही.

तांदळाची पोती

सीझियम-137 निम्मं व्हायला 30 वर्षं लागतात, म्हणून पुढचा प्रश्न शेतीचा. 1 एप्रिल 2012 पासून जपानने सर्वसाधारण अन्नासाठी किलोमागे 100 बेकरेल, दूध आणि बाळांच्या अन्नासाठी 50, पिण्याच्या पाण्यासाठी 10 अशी मर्यादा ठेवली. अगदी मर्यादेवरचा तांदूळ वर्षभरात 60 किलो खाल्ला, तरी सीझियम-137 च्या हिशेबाने 80 मायक्रोसिव्हर्टच्याही आत मात्रा मिळते.

फुकुशिमाने 2012 च्या पिकापासून प्रांतातलं प्रत्येक 30 किलोचं पोतं सरकत्या पट्ट्यावरून तपासलं, वर्षाला जवळपास एक कोटी पोती. संशय आला की ते पोतं बाजूला काढून अधिक अचूक जर्मेनियम यंत्रावर. 2015 च्या पिकापासून मर्यादेवर एकही पोतं निघालं नाही. यामागे यंत्रापेक्षा शेतातलं काम जास्त. रोपाला सीझियम पोटॅशियमसारखंच वाटतं. मातीत पोटॅशियम कमी असेल तर मुळं सीझियम उचलतात. म्हणून लावणीपूर्वी पोटॅशचं खत टाकून 100 ग्रॅम मातीत पोटॅश 25 मिलिग्रॅमच्या पातळीला आणायचं. वरची माती खोल नांगरून खाली घालणं हे जोडीला. रानातली अळंबी आणि रानडुकरं मात्र कुणाच्या खताला बधत नाहीत. तिथे आकडे अजूनही जास्त निघतात.

इवाकी शहरात मातांनी मिळून ताराचिने नावाची प्रयोगशाळा 2011 मध्येच उभी केली. लोक घरचा भाजीपाला, माती, अगदी व्हॅक्यूम क्लीनरमधली धूळ मोजायला आणतात. अशा ठिकाणी देणगी म्हणजे शिशाच्या भिंतींआडचा शोधक, त्याची वर्षाची दुरुस्ती आणि नमुने बारीक चिरणाऱ्याचा पगार. जाहिरातीत हे फारसं खुलत नाही. आणि टोकियोत राहणारा, तपासून आलेला फुकुशिमाचा तांदूळ विकत घेणारा मराठी माणूससुद्धा मदतच करत असतो.

चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेच्या वेळची, 1986 नंतरची, मदतीची एक वेगळी तऱ्हा इथे आठवते: मुलांना काही आठवड्यांसाठी स्वच्छ देशात नेणं. क्युबाने तर तारारा इथे 20 हजारांहून जास्त मुलांवर उपचार केले. प्रौढ शरीरातलं सीझियम साधारण शंभर दिवसांत निम्मं होतं, मुलांत त्याहून लवकर, त्यामुळे अशा सुट्टीत आकडा खरोखर खाली येतो. पण घरी परतून तेच रानातलं अळंबं आणि तेच गाईचं दूध सुरू झालं की तो पुन्हा चढतो. सुट्टीच्या जोडीला गावात दूध मोजायचं यंत्र आणि गाईसाठी स्वच्छ चारा नसेल तर मदत अर्धीच.

हलवण्याने मेलेले

फुकुशिमा प्रांतात भूकंप-त्सुनामीने थेट गेलेल्यांपेक्षा नंतरच्या हालांनी गेलेले जास्त आहेत. ही नोंदलेली संख्या 2,300 च्या वर आहे. ओकुमातल्या फुताबा रुग्णालयातल्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना बसमध्ये बसवून, पोचवायला जागा नसल्याने दोनशेहून अधिक किलोमीटरचा वळसा घालून नेलं. सोबत पुरेसे डॉक्टर नव्हते, सलाइन नव्हतं, रुग्णांच्या कागदांचा पत्ता नव्हता. त्या आणि नंतरच्या काही दिवसांत चाळीसहून जास्त रुग्ण गेले. बाहेरून मदतीला जाणाऱ्या वैद्यकीय पथकाने म्हणून किरणमापकाबरोबर आडव्या रुग्णाला नेणारी वाहनं, ऑक्सिजन, आणि प्रत्येक रुग्णाच्या मनगटाला नाव-आजार-औषधं लिहिलेली पट्टी बांधायची सोय न्यावी. पोचायची जागा पक्की होईपर्यंत बस हलवू नये.

स्वयंसेवकांचं काम पहिल्या पंधरवड्यात नसतंच. जपानमध्ये ते स्थानिक समाजकल्याण परिषदेच्या स्वयंसेवक केंद्रातून मिळतं: आधी नोंदणी, स्वयंसेवकाचा विमा, झोपण्याची आणि जेवणाची सोय स्वतःची. त्सुनामीचा चिखल उपसायला खिळा आरपार जाणार नाही असा पोलादी तळ घातलेले बूट, गॉगल, धूळरोधक मुखपट्टी, जाड हातमोजे आणि धनुर्वाताची लस. वाळलेला चिखल ओल्यापेक्षा वाईट, कारण तो फुप्फुसात जातो.

आणि मदत किती वर्षं लागते ते तारखांवरून पाहावं. मिनामिसोमातल्या ओदाका भागात परत राहायला परवानगी मिळाली 12 जुलै 2016 ला. इइतातेच्या बहुतेक भागात 31 मार्च 2017 ला. फुताबा शहराचा पहिला तुकडा राहण्यासाठी उघडला 30 ऑगस्ट 2022 ला, म्हणजे अकरा वर्षांनी. परतलेल्यांत वयस्कर जास्त. त्यांना लागतं ते दवाखान्यापर्यंत नेणारं वाहन, आठवड्यातून दोनदा येणारी भाजीची गाडी आणि बंद पडलेल्या घराचं छप्पर. पहिल्या महिन्यात दहा हजार रुपये एकदम देण्याची ऐपत असेल, तर त्यातले तीन हजार तेव्हा द्यावेत आणि उरलेले दरवर्षी हजार-हजार करून, तिथे तेव्हाही काम करत असलेल्या संस्थेला.